सुरीच्या मुठीवर इनले करायचंय पण डिझाइन सुचत नाही? मी कसं शोधतो ते सांगतो

मी हौसेने स्वयंपाकाच्या सुऱ्या बनवतो. पातं कार्बन स्टीलचं, मूठ शिसवीची नाहीतर बाभळीची, आणि त्या मुठीत खाच कोरून पितळेची तार, शिंपल्याचा तुकडा, करवंटी, दुसऱ्या रंगाचं लाकूड असं काहीतरी बसवतो. यालाच इनले म्हणतात, आपल्याकडे जडाव म्हणा. पातं कसं घडवायचं, पाणी कसं द्यायचं, धार कशी लावायची हे शिकवणारे भरपूर आहेत, पण मुठीवर काढायचं काय हे सांगणारं फारसं कुणी भेटत नाही आणि नवीन माणूस नेमका तिथेच अडकतो. मग तो मोबाईलवर सर्च मारतो, लांडगा, कवटी, ड्रॅगन, सेल्टिक गाठी असलं सगळं समोर येतं आणि त्यातलं एक उचलून कोरायला बसतो. मीही सुरुवातीला तेच केलं. काम स्वच्छ व्हायचं पण सुरी हातात घेतली की ती आपली वाटायचीच नाही, कारण ती कॉपीची कॉपीची कॉपी असायची.

खूप दिवसांनी एक गोष्ट लक्षात आली आणि तेव्हापासून डिझाइनचा तुटवडा कधी पडला नाही. दुसऱ्यांच्या सुऱ्या बघणं बंद करा. ज्या वस्तूंचा आकार मुठीसारखा आहे, म्हणजे अरुंद आणि लांब, त्या बघा. अरुंद लांब पट्टी सजवायची कशी हा प्रश्न आपल्याकडे कितीतरी लोकांनी शेकडो वर्षं सोडवलाय. साडीचा काठ, देवळाचा खांब, दाराची चौकट, तंबोऱ्याची कड, अडकित्त्याचा दांडा, हे सगळे मुठीचे भाऊबंदच आहेत.

आधी मूठ नीट बघून घ्या

आयडिया शोधायला बाहेर पडायच्या आधी आपल्याकडे जागा किती आहे ते माहिती पाहिजे. साधारण मोठ्या सुरीची मूठ ११० ते १२५ मिलिमीटर लांब आणि २२ ते २८ मिलिमीटर रुंद असते. त्यातही कडा गोल करतो म्हणून सपाट जागा मधली जेमतेम १५ ते १८ मिलिमीटर. एवढ्यात जे बसेल तेच डिझाइन, बाकी सगळं कागदावरच छान.

दुसरं म्हणजे सुरी हातात धरली की मुठीचा मधला भाग बोटांखाली जातो. दिसतं काय, तर पात्याजवळचं थोडंसं आणि मागचं टोक. पण सुरी भिंतीवरच्या मॅग्नेटला लावली की अख्खी मूठ दिसते. म्हणजे डिझाइनला दोनदा जगायचंय, एकदा हातात आणि एकदा भिंतीवर. मी मुख्य गोष्ट, फूल किंवा पक्षी जे काय असेल ते, मागच्या टोकाकडे ठेवतो आणि मधल्या भागात वेल नाहीतर साधी रेघ जाऊ देतो, तिथे टोकदार बारीक कामही नको कारण रोजच्या वापरात हाताची घासणी तिथेच लागते. आणि भिंतीवर सुरी लावताना पातं वर असतं की खाली हे ज्याला सुरी देणार त्याला विचारून घ्या, नाहीतर तुमचं झाड त्याच्या घरी कायम उलटं लटकेल.

तिसरी अडचण पिनांची. स्केल, म्हणजे दोन्ही बाजूच्या लाकडी पट्ट्या, धरून ठेवायला दोन-तीन पितळी पिना लागतातच आणि त्या बरोबर डिझाइनच्या मधे येतात. पुष्कळ जण आधी चित्र काढतात आणि मग पिना लपवत बसतात. उलट करा. पिना आधी कागदावर मांडा आणि त्यांच्याभोवती चित्र वाढवा, पिन म्हणजे फुलाचा मधला गेंद, पिन म्हणजे मोराचा डोळा, पिन म्हणजे वेलीवरचं फळ. माझ्या निम्म्या चांगल्या आयडिया पिन कुठे बसवायची या भांडणातूनच निघाल्यात.

खिडकीचं कार्ड

हे एक साधं हत्यार आजच बनवा. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या, त्यावर तुमच्या मुठीचा खरा आकार, खऱ्या मापात, काढा आणि कटरने आतला भाग कापून टाका. राहिली ती मुठीच्या आकाराची खिडकी. ती पाकिटात ठेवा आणि जिथे नक्षी दिसेल तिथे टेकवून बघा, साडीवर, सतरंजीवर, रांगोळीवर, पितळी डब्यावर, मासिकातल्या फोटोवर. खिडकी सरकवा, तिरकी करा, उलटी करा. आख्ख्या साडीकडे बघून काहीच सुचत नाही पण त्या खिडकीतून अचानक एक तुकडा असा दिसतो की तो आधीपासूनच मूठ होता असं वाटतं. तो मिळाला की लगेच फोटो काढा, कार्ड जागेवर ठेवूनच, म्हणजे माप फोटोत आपोआप येतं.

घरात पितळेची कोरीव वस्तू असेल, पानाचा डबा, तांब्या, जुनं ताट, तर त्यावर बटर पेपर ठेवून मेणाचा खडू आडवा घासा. नक्षीचा ठसा एक मिनिटात कागदावर उतरतो, तोही खऱ्या मापात. फक्त हे घरच्या भांड्यांवरच करायचं, देवळाच्या किंवा लेण्याच्या जुन्या दगडावर कागद घासायचा नाही, तिथे लांबून फोटो. आणि दगडाचा फोटो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी काढा, ऊन तिरपं पडलं की खोदकाम उठून दिसतं, भर दुपारी सगळं सपाट.

काठ, काठ आणि काठ

माझा सगळ्यात मोठा खजिना हाच आहे म्हणून जरा जास्त बोलतो. घरातल्या बायकांना विचारून कपाट उघडा, हात धुऊन, आणि साड्यांचे फक्त काठ बघत जा.

पैठणीपासून सुरुवात करा. पैठणीवरची नक्षी विणकर बाण्याचे, म्हणजे आडवे, रंगीत धागे हाताने एकमेकांत अडकवत विणतो, त्यामुळे जवळून बघितलं तर प्रत्येक गोल रेघ खरंतर पायऱ्यापायऱ्यांनी वळलेली असते. हे आपल्यासाठी सोनं आहे, कारण ती नक्षी आधीच सोपी झालेली आहे, कुणीतरी मोराला मोजक्या पायऱ्यांमध्ये बसवून ठेवलाय. बांगडी मोर, म्हणजे बांगडीच्या गोलात बसलेला मोर, तो मागच्या टोकाच्या पिनेभोवती अगदी नीट बसतो. मुनिया म्हणजे छोटा पोपट, तो असावलीच्या वेलीवर एकाआड एक ठेवला की मधला भाग भरतो. नारळी काठ तर मला सगळ्यात जास्त आवडतो, तीच एक आकृती रांगेने परत परत येते आणि शिंपल्याचे एकसारखे तुकडे कापून लावायला एकदम योग्य.

पण मोर काढताना एक लक्षात ठेवा, पैठणीतला मोर रंगांवर उभा आहे आणि आपल्याकडे रंग दोन, फार तर तीन. त्यामुळे आख्खा मोर उचलायच्या आधी बघा की एका रंगात तो मोर वाटतो का. मान आणि तुरा यांची बाहेरची रेघ ओळखू आली पाहिजे. नाही आली तर मोर सोडा आणि नुसतं पीस घ्या.

मग विदर्भातली टसरची करवतकाठी. नावातच करवत आहे, काठावर करवतीच्या दातांसारखे त्रिकोण. ते त्रिकोण कापायला सरळ करवत पुरते, एकही गोलाई नाही, म्हणून इनले पहिल्यांदा करणाऱ्याला मी नेहमी हेच सांगतो. काळ्या लाकडात पिवळसर हळदूचे त्रिकोण, दोन्ही कडांनी एकमेकांकडे तोंड करून, मधे रिकामी जागा. एवढंच. आणि सुरीच्या मुठीवर करवतीचे दात, हे मनाला पटतंही, हत्याराच्या अंगावर हत्याराचीच खूण.

इरकलच्या पदरावर लाल जमिनीवर पांढरे दातेरी मनोरे असतात, तो मनोरा उभा धरला की मुठीच्या टोकाकडे निमुळता होत जातो आणि आकार आपोआप जुळतो. माझ्या आजीचं एक इरकल होतं, नेसून नेसून विरलेलं, पदर तेवढा धड. त्याच्यावर कार्ड ठेवून काढलेली मूठ आज आईच्या स्वयंपाकघरात आहे आणि आई ती सुरी कुणाला हात लावू देत नाही. खणाच्या चोळीचं कापड, रुईफुली काठ, सतरंज्यांचे पट्टे, घोंगडीची कड, सगळं बघा. ठुशी, चिंचपेटी, कोल्हापुरी साजातली पानं हेही बघा, कारण दागिन्यातली आकृती मुळातच बारीक मापात विचार करून केलेली असते.

मिरज आणि अडकित्ते

मिरजेला गेलात तर सतारमेकरांच्या गल्लीत एक चक्कर मारा. तिथल्या सतारी आणि तंबोरे सगळीकडे नावाजलेले आहेत, २०२४ मध्ये त्यांना जीआय टॅग (त्या गावाची खास वस्तू असल्याची सरकारी नोंद) पण मिळाला. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हे वाद्य बनवणारे मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे, दुरुस्त करणारे लोक. शस्त्रांची मागणी संपत गेली तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांचे हात वाद्यांकडे वळले. त्यामुळे तंबोऱ्याच्या कडेची नक्षी मी बघतो तेव्हा मला ती शस्त्राच्या घरातून गेलेली वस्तू वाटते आणि ती परत मुठीवर आणताना एक वेगळंच समाधान मिळतं.

तंबोऱ्याच्या दांडीच्या आणि तबलीच्या (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाच्या) कडेने पांढरी पट्टी बसवलेली असते, तिच्यावर बारीक रेघा कोरून त्यात काळा रंग भरतात. ही युक्ती जशीच्या तशी घ्या. प्रत्येक बारीक रेघेसाठी वेगळा तुकडा कापून बसवायची गरज नाही, आधी मोठा पांढरा तुकडा बसवा, उंटाचं हाड म्हणा, पॉलिश करा, मग त्याच्यावर टोकदार कोरणीने रेघा मारून काळा रंग चोळा आणि वरचा पुसून टाका. पानाच्या शिरा, माशाचे खवले, पक्ष्याची पिसं असंच होतं. पंखातलं एकेक पीस वेगळं कापायचा अट्टहास करून मी आधी बराच माल वाया घालवलाय.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा संग्रह आहे. दिव्यांकडे आणि मस्तानी महालाकडे सगळे जातात, तुम्ही अडकित्त्यांसमोर अर्धा तास उभे राहा. कुणी घोडा, कुणी पोपट, कुणी जोडपं. अडकित्ता म्हणजे हातात धरायचं, कापायचं, घरात वापरायचं हत्यार, म्हणजे सुरीचा सख्खा भाऊ, आणि तो करणाऱ्याने दांड्याचा आकारच प्राण्याचा आकार करून टाकलाय. यातून मी शिकलो ते हे की नक्षी मुठीच्या वर चिकटवायची वस्तू नाही, मुठीचा बाक हाच पोपटाची पाठ होऊ शकतो, मग इनले फक्त डोळा, चोच आणि पंखाची एक रेघ, तीन तुकड्यांत पक्षी तयार.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे, आणि हैदराबादला सालारजंग म्युझियममध्ये नूरजहाँची म्हणून जी फळं कापायची रत्नजडित, जेड दगडाची सुरी दाखवतात ती बघाच. म्युझियममध्ये फोटोचे नियम बघून घ्या, पण खरं सांगू का, फोटोपेक्षा वहीत काढलेलं कच्चं चित्र जास्त कामाचं. चित्र काढताना आपण नको ते गाळतो आणि गाळलेलंच पाहिजे असतं.

उभं रोप, आपल्या डोंगरातलं

मुघल खंजिरांच्या मुठींवर एकटं फुलाचं रोप खूप दिसतं, खालून देठ, दोन्हीकडे पानं, वर फूल. जहांगीर बादशहा १६२० मध्ये काश्मीरला गेला तेव्हा त्याचा दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याने तिथल्या फुलांची शंभरावर चित्रं काढली असं खुद्द जहांगीरने आपल्या आठवणींत लिहिलंय, आणि पुढे शाहजहानच्या काळात तर अशी रोपं दगडात, कपड्यांवर, शस्त्रांवर सगळीकडे आली. हा आकार मुठीसाठी इतका चांगला आहे की त्याला तोड नाही, कारण रोप पण उभं आणि अरुंदच असतं. पण त्यांची खसखशीची नि लिलीची फुलं आपण परत कशाला काढायची? त्यांनी जे केलं ते करा, आपल्या अवतीभवतीचं फूल समोर ठेवून बघा.

सप्टेंबरात कास पठारावर किंवा जवळच्या कुठल्याही सड्यावर (उघड्या खडकाळ पठारावर) जा, फूल तोडायचं नाही, फोटो काढायचा. कुर्डूचा तुरा म्हणजे निमुळता सुळका, मुठीच्या टोकाला जन्मजात शोभणारा. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, तिचं रोप एखाद्याच्या मुलाच्या सातव्या वाढदिवसाच्या सुरीवर, म्हणजे आईबाबांना द्यायच्या सुरीवर, किती छान अर्थ येतो बघा. तेरड्याची पाकळी शिंपल्यातून कापायला सोपी. गोकर्णाचं पान, शेवग्याची शेंग, बाभळीची शेंग (गोल गोल दाण्यांची माळ, अगदी पिनांसाठीच बनलेली), हे तर गावातच मिळतं. आणि स्वयंपाकाच्या सुरीवर भाजीपाल्याचीच नक्षी का नको? मिरचीचं रोप काढा, कढीपत्त्याची डहाळी काढा, तिची पानं समोरासमोर नसून जराशी पुढेमागे असतात आणि त्यामुळे ओळ जिवंत दिसते.

देवळांचे खांब पण याच जातीतले. सिन्नरचा गोंदेश्वर, खिद्रापूरचा कोपेश्वर, रतनवाडीचा अमृतेश्वर, कुठलाही एक खांब खालून वर बघा, चौकोनी तळ, मग गोल कडी, मग अर्ध्या शंकरपाळ्यासारख्या आकृतीचा पट्टा, मग परत कडी. रुंद पट्टा आणि अरुंद पट्टा यांची जी लय आहे ती पेन्सिलने वहीत नुसत्या आडव्या रेघांनी उतरवून घ्या, आकृत्या नकोतच. तेवढ्या रेघा पितळेच्या करून मुठीवर बसवल्या तरी सुंदर दिसतं.

दोन रंग पुरतात

गोव्यात आणि तळकोकणात देवळांच्या, जुन्या घरांच्या भिंतींवर कावी कला असते. चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीच्या रंगाचा थर देतात आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा दाखवतात. लाल आणि पांढरा, बस. ज्याला इनलेचं डिझाइन शिकायचंय त्याने कावीच्या पट्ट्या नकलून काढाव्यात असं माझं ठाम मत आहे, कारण तिथे रेघेची जाडी, मधली मोकळी जागा, कुठे भरायचं कुठे सोडायचं, हे सगळं दोन रंगांतच सोडवलेलं आहे. गोव्यातल्या जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्या पण बघा, लाकडाच्या बारीक चौकटीत शिंपल्याचे चौकोन, ती तर आयती इनलेच. डिझाइन घ्या, शिंपले काढून आणू नका.

बिदरीतून एक वेगळी गोष्ट घ्या. बिदरी म्हणजे जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत चांदी बसवून नंतर बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर वापरून जमीन काळी करतात, चांदी मात्र चमकत राहते. नेहमी काळ्यावर चांदीचं फूल असतं, पण आफताबी नावाच्या प्रकारात उलटं, चांदीचा पत्रा मोठा आणि त्यातून फूल कापून काढलेलं, म्हणजे फूल काळं आणि आजूबाजूचं सगळं पांढरं. तुमचं एखादं डिझाइन कंटाळवाणं वाटायला लागलं की ते उलटं करून बघा. फूल लाकडाचं, जमीन पितळेची. त्याच चित्राचं दुसरंच काहीतरी होतं.

आणि नुसते ठिपके! युरोपात सतराव्या-अठराव्या शतकात पिके नावाचं काम चालायचं, कासवाच्या पाठीवर सोन्याचांदीचे बारीक ठिपके ठोकून नक्षी. आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी घरोघर आहे. १, १.५ आणि २ मिलिमीटरची पितळी सळई आणा, तेवढीच ड्रिल बिट घ्या, आणि आईच्या रांगोळीच्या वहीतले ठिपके, रेघा न जोडता, मुठीवर मांडा. यात करवत नाही, कोरणी नाही, फक्त सरळ भोक आणि एक थेंब एपॉक्सी गोंद. ठिपका मोठा-लहान केला की उजेड-सावली पण येते. ज्याला वाटतं की मला कोरता येत नाही म्हणून इनले जमणार नाही, त्याने इथून सुरुवात करावी.

वारलीबद्दल मला बरेच जण विचारतात. तारपा नाच मुठीवर काढू नका, माणसं तीन मिलिमीटरची होतात आणि हातपाय तुटतात. वारलीतल्या देवचौकाची (लग्नात भिंतीवर काढतात त्या चौकोनाची) कड घ्या, ती चौकटीची नक्षी मुठीला फार छान शोभते.

कागदावरून लाकडावर यायच्या आधी

खिडकीतून वीस-तीस तुकडे जमले की त्यातले पाच निवडा आणि खऱ्या मापात, मोठं करून अजिबात नाही, काळ्या पेनाने काढा. मग झेरॉक्स काढा, मुठीच्या आकारात कापा, एखाद्या लाकडी पट्टीवर चिकटवा आणि किचनच्या भिंतीला टेकवून दोन मीटर मागे जा. डोळे बारीक करून बघा. जे विरघळून राखाडी झालं ते बाद. त्या पट्टीला दोन दिवस येताजाता बघत राहा, तिसऱ्या दिवशीही बघावंसं वाटलं तर तेच तुमचं डिझाइन.

आता मालाचं ऐका. पितळेच्या तारेला अगदी टोकदार कोपरा आवडत नाही, तापवून मऊ केली तरी तिथे ती तोडून दुसरी सुरू करावी, म्हणून तारेसाठी वेली, लाटा, लांब वळणं निवडा. उत्तर प्रदेशात मैनपुरीला शिसमात पितळेची तार ठोकायचं तारकशीचं काम चालतं, पूर्वी खडावांवर करायचे, त्याचे फोटो बघितले तर तारेला काय जमतं ते लगेच कळेल. तार चपटी करून, बाजू जराशा खरखरीत करून, खाचेत ठोकायची आणि वरून ओलं फडकं फिरवायचं, लाकूड फुगून तिला धरतं. शिंपला उलट, त्याला लांब बारीक आकार आवडत नाहीत, दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद केला की कटकन तुटतो, त्याला थेंब, पाकळी, चौकोन द्या. करवंटी बाकदार असते म्हणून तिचे तुकडे १०-१२ मिलिमीटरच्या आतलेच ठेवा. काळा रंग हवा तर टेंभुर्णीचा गाभा, फिक्या रंगाला शिवण किंवा हळदू.

आणि पावसाळा. मी एकदा मुठीच्या पूर्ण रुंदीवर पितळेच्या एकाच पत्र्याचं कमळ बसवलं होतं, उन्हाळ्यात मस्त दिसत होतं, जुलैमध्ये लाकूड आडवं फुगलं, पितळ काय फुगत नाही, आणि कमळाची एक कड वर आली. ते काढून मी प्रत्येक पाकळी वेगळी केली, मधे लाकडाची बारीक रेघ सोडली. आता हलायला जागा आहे आणि पाकळ्या सुट्या झाल्यामुळे कमळ उमललेलं दिसतं, आधी ते शिक्क्यासारखं दिसायचं. त्यामुळे डिझाइन करतानाच मोठा तुकडा दिसला की तो कुठे तोडता येईल ते बघा, लाकडाच्या रेषांच्या दिशेने लांब गेलं तर चालतं, आडवं गेलं की तुकडे करा.

मुठीचा गोल आकार आधी साधारण काढून घ्या आणि मगच खाच कोरा, नाहीतर दीड मिलिमीटर खोल बसवलेली नक्षी कडेला घासता घासता संपून जाते. शिंपला आणि शिसवी घासताना मास्क लावाच, पाणी लावून घासलंत तर अजून बरं, ती धूळ छातीला वाईट. हस्तिदंत, सांबरशिंग, कासवाची पाठ कुणी कितीही जुनी आहे म्हणून दिली तरी घेऊ नका, वन्यजीव कायदा १९७२ पासून आहे आणि मुळात त्या प्राण्यांचं त्यांच्याकडेच राहू दे, म्हशीचं शिंग आणि उंटाचं हाड तेवढंच सुंदर पॉलिश होतं.

प्रत्येक कार्ड, ठसा, झेरॉक्स एका फाइलमध्ये ठेवा आणि मागे लिहा की ते कुठून घेतलं, कुणाच्या साडीवरून, कुठल्या देवळातून. सुरी देताना ते सांगता येतं आणि घेणाऱ्याला त्याची फार किंमत असते.

माझ्या टेबलावर सध्या कंदीलपुष्पाचं कार्ड आहे. आपल्या सह्याद्रीतलं लांब नळीचं फूल, वर पाच पाकळ्यांची टोकं एकत्र येऊन कंदील होतो. आत्यासाठी करतोय. देठ पात्याकडे, कंदील मागच्या टोकाला, पिना दोनच, दोन्ही पानांच्या बेचक्यात. नळी शिवणीची, पाकळ्या तारेच्या, आणि त्यांची टोकं मिळतात तिथे १ मिलिमीटरचा एक पितळी ठिपका. भिंतीवर तीन दिवस टिकलंय, आता बाभूळ पुरती वाळली की खाच कोरायला घेतो.